शेळीचा आवाज

दोन हजार सहा साल. त्या वर्षी पुण्यात दर तिसऱ्या इमारतीवर ‘मल्टिमीडिया’ची पाटी लटकत होती आणि पाटीखाली कुणीतरी पोरगं ऐटीत सांगत होतं, की आम्ही कार्टून बनवतो. बनवतो म्हणजे कसं, ते विचारायची सोय नाही. धम्मदीप मेश्रामच्या ऑफिसात, म्हणजे एरंडवण्यातल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कार्टून बनायचं ते चार वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून, आणि त्या चौघांचं आपसात इतकं वाकडं, की एका घरातल्या चार जावांचंही नसेल. एकात चित्रं काढायची. दुसऱ्यात ती हलवायची. तिसऱ्यात आवाज साफ करायचा. मग चौथ्यात सगळ्याची मोट बांधून पाच मिनिटांची फिल्म बाहेर काढायची. एकात केलेलं दुसऱ्याला कळावं म्हणून युक्ती एकच होती: फायलीचं नाव बदलायचं नाही. नाव बदललं, की चौथं सॉफ्टवेअर सरळ हात वर करायचं, फाईल सापडत नाही म्हणायचं, आणि आठवड्याची मेहनत पाण्यात जायची.

म्हणून ऑफिसचा नियम असा, की चित्र सुधारा, आवाज सुधारा, काय वाटेल ते करा, पण नवी फाईल जुन्याच नावाने जुनीवरच ठेवा. नियम हेमा मॅडमचा, ऑफिसही त्यांचंच. बोलणं मोजकं आणि धारदार. कुणी फायलीला नवं नाव दिलं की म्हणायच्या, “बारसं घरी करा हो, इथे काम करा.”

धम्मदीप तेव्हा सव्वीस वर्षांचा. वडील रतन मेश्राम खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर. मूळ गाव भंडारा जिल्ह्यातलं, पण पोरगा जन्मला बोपोडीत आणि शिकला पुण्याच्या शाळांत. पहिलीत असताना त्याच्या तोंडून एकदा ‘मले’ निघालं आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याने घरातली भाषा घरात आणि बाहेरची बाहेर ठेवली, बाहेर पडताना चप्पल बदलावी तशी. ऑफिसात त्याचा ळ आणि ण इतका स्वच्छ, की हेमा मॅडमना बरेच दिवस तो शनिवार पेठेत वाढलेला वाटत होता. त्यानेही कधी खुलासा केला नाही.

त्याची आई हिराबाई. तिला भाषा एकच, आणि आवाजही एकच, तो तीन बिल्डिंगांना पुरेल असा. बोपोडीत सत्तावीस वर्षं काढली, पण पुणं तिच्या जिभेला शिवलं नाही. विहारात वंदना झाली की बायका चपला घालायच्या आत तिच्याभोवती गोळा व्हायच्या, कारण हिराबाई आता कुणाची नक्कल करणार याची सगळ्यांना खात्री असायची. रिक्षावाला, रेशनवाला, कारखान्यातला साहेब, शेजारच्या इंदुबाईंचा घोरणारा नवरा, सगळे तिच्या गळ्यात राहायला होते. “देवानं मले रंग नाई देल्ला, उंची नाई देल्ली,” ती म्हणायची, आणि मग जीभ चावून, “देव कुठचा आला, माह्या मायनंच नाई देल्ली. पण आवाज असा देल्ला का नागपूरवरून ऐकू येते.”

त्या उन्हाळ्यात ऑफिसला मोठं काम मिळालं. शाळांना सीडी विकणाऱ्या एका कंपनीला मुलांसाठी दहा छोटी कार्टून हवी होती. एक शेळी मुलांना शहाणपण शिकवते: हात धुवा, पाणी उकळून प्या, दात घासा. शेळी धम्मदीपनेच काढली. लांब तोंड, एक कान पडलेला, गळ्यात लाल दोरी. कंपनीला ती बघताक्षणी पसंत पडली.

आता या धंद्यात आधी आवाज लागतो, चित्रं नंतर हलतात. शेळीच्या तोंडाची नऊ चित्रं असतात: ओठ मिटलेले, अर्धे उघडे, गोल, ताणलेले, अशी. आवाज ऐकत ऐकत कुठल्या अक्षराला कुठलं तोंड लावायचं ते ठरवायचं, सेकंदाला बारा वेळा. डोळे फुटायची पाळी येते. पण आवाज देणाऱ्या पूर्णिमाला नाटकाच्या तालमींतून महिनाभर सवड नव्हती. अशा वेळी कुणीतरी घरचाच माणूस तात्पुरता बोलतो, त्याला कच्चा आवाज म्हणतात. पक्का आवाज आला की कच्चा काढून टाकायचा. धम्मदीपने आधी स्वतःच बोलून पाहिलं. हेमा मॅडमनी ऐकलं आणि म्हणाल्या, “शेळी नाही रे ही, तलाठी बोलतोय.”

म्हणून तो ऑफिसचा लॅपटॉप आणि माइक घेऊन घरी गेला.

मे महिन्यातली दुपार. पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद, रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडकीला गोधडी, आणि इंदुबाईंना ताकीद, की तासभर नळ सोडायचा नाही. हिराबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिने संवादांचा कागद हातात घेतला, दोन ओळी वाचल्या आणि परत दिला. “हे असं कोन बोलते? तू मले गोष्ट सांग, मी आपल्या मनानं बोलतो.” धम्मदीप एकेक प्रसंग सांगत गेला आणि ती बोलत गेली. “काहून रे पोट्टेहो! हात धुतले का तसेच बसले गिळाले? माती खाऊन राह्यले का मातीनं तुमाले खाल्लं? दाखवा बरं मले, दाखवा!” आणि मध्येच थांबायची. अशी थांबायची, की आता काय बोलते म्हणून माणसाने श्वास धरावा. रतन दारात बसून ऐकत होते, ते इतके हसले की चार वेळा पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं. दहाही कार्टून तीन दुपारींत झाली. घामाने पदर भिजला होता, पण बाई खुलली होती.

“माहा आवाज सगळ्या शाळेत लागंन का रे?” तिने विचारलं.

हा कच्चा आवाज आहे, नंतर बदलणार, हे तेव्हाच सांगायचं होतं. पण त्या आनंदावर पाणी कोण ओतणार? “बघू ना,” तो म्हणाला. एवढंच. तिने ‘बघू’ ऐकलंच नाही, तिने ‘हो’ ऐकलं.

त्या आवाजावर त्याने महिनाभर तोंडं बसवली. आणि काय सांगू, शेळी जिवंत झाली! आईची मान जशी झटका खायची तशी शेळीची मान त्याने हलवली. ती थांबायची तिथे कान हलवला. ऑफिसातली पोरं जेवणाचा डबा घेऊन त्याच्या स्क्रीनपुढे बसू लागली.

मग कंपनीचे दोघे बघायला आले. हसले, मनापासून हसले. एक जण म्हणाला, “आवाजात जान आहे हो. पण ही भाषा नाही चालायची. शाळेत लावायचंय, पालक काय म्हणतील?” हेमा मॅडमनी मान डोलावली आणि सहज विचारलं, “धम्मदीप, आहेत कोण या? नाटकातल्या आहेत का कुणी?”

खोलीत सहा माणसं होती. सगळी त्याच्याकडे बघत होती. आणि हा बहाद्दर म्हणाला, “नाही मॅडम. ओळखीची एक बाई आहे. कच्चाच आवाज आहे तो.”

ओळखीची बाई! जिने वीस वर्षं पहाटे उठून याचा डबा केला, ती ओळखीची बाई. तोंडातून शब्द निघाले तेव्हाच त्याचे कान तापले. पण शब्द परत घ्यायला जी छाती लागते ती त्याच्याकडे नव्हती. कुणी पुढे विचारलंही नाही.

जूनमध्ये पूर्णिमा आली. चांगली मुलगी, आवाज गोड आणि स्वच्छ. तोंडं पुन्हा बसवायला वेळ नव्हता, त्यामुळे तिलाच शेळीच्या ओठांकडे बघून बोलावं लागलं. दोन-तीनदा चुकली आणि हसून म्हणाली, “कुणी बोललंय हो हे आधी? कुठे थांबेल काही भरवसाच नाही.” धम्मदीप काचेपलीकडे होता. ऐकू आलं नाही असं त्याने दाखवलं.

संध्याकाळी त्याने पूर्णिमाच्या दहा फायली नियमाप्रमाणे जुन्याच नावाने जुन्याच जागी ठेवल्या. कॉम्प्युटरने प्रत्येक वेळी विचारलं, की या नावाची फाईल आधीपासून आहे, तिच्या जागी ही ठेवू का? दहा वेळा विचारलं. दहा वेळा त्याने ‘हो’ दाबलं. घाईत होता, चौथ्या सॉफ्टवेअरमधून फिल्मा बाहेर काढायच्या होत्या. आणि लॅपटॉपवरचं मूळ रेकॉर्डिंग तर जागा अडते म्हणून त्याने आधीच पुसलं होतं. सगळेच पुसतात.

घरी मात्र हिराबाईने बोपोडीभर करून ठेवलं होतं. विहारात शिरली की बायका म्हणायच्या, “आल्या बघा शेळीबाई.” ती कमरेवर हात ठेवून शेळीचा एखादा डायलॉग म्हणून दाखवायची. आज ना उद्या सीडी घरी येणार म्हणून इंदुबाईंनी टीव्हीसमोरची जागा आत्ताच सांगून ठेवली होती. धम्मदीपला रोज विचारणा व्हायची आणि तो रोज नवी सबब सांगायचा. कंपनीचा माल आहे, बाहेर द्यायला मनाई आहे. अजून छापून आली नाही. खरं सांगायला एक संध्याकाळ पुरली असती. पण ती संध्याकाळ तो ढकलत राहिला आणि चार महिने गेले.

दिवाळीत तिचा आवाज बसला. सर्दी म्हणून काढा झाला, हळद झाली, गुळण्या झाल्या. डिसेंबरात तो आणखी खाली गेला, नुसता वाऱ्यासारखा फसफस येऊ लागला. जानेवारीत डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि रतनना आणि धम्मदीपला वेगळ्या खोलीत बोलावलं. स्वरयंत्राचा कॅन्सर. यंत्र काढावं लागेल, सगळं. मानेला भोक ठेवतील, श्वास तिथून घ्यायचा. बोलणं बंद. वेळेवर केलं तर बाई जगतील.

हिराबाईने ऐकलं आणि त्या उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली, “मेली तं चालंन. मुकी नाई राहाची मी.”

आठ दिवस घर तिला मनवत होतं. रतननी समजावलं, रागावले, रडले. विहारातल्या बायका येऊन गेल्या. तुमसरहून तिची धाकटी बहीण कौशल्या आली, तिने शपथा घातल्या. बाई भिंतीकडे तोंड करून पडून. शेवटी धम्मदीप तिच्या उशाशी बसला. डोकं चालेना, तेव्हा जे मनात आलं ते बोलला. “आई, तुझा आवाज कुठे जाणार नाही. माझ्याकडे आहे ना तो. दहाच्या दहा कार्टून आहेत. पाहिजे तेव्हा ऐक.”

तिने हळूच कूस बदलली. “खरंच हाये?”

“आहे.”

“पुसला तं नाई कोनी?”

“नाही गं.”

“मंग होऊ दे,” म्हणाली.

तो खोटं बोलत नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. त्याला खरंच वाटत होतं, की ऑफिसात कुठेतरी असणारच. इतक्या फायली, इतक्या सीड्या, एखादी प्रत राहतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, कुणी यायच्या आत, तो ऑफिसात पोचला. शेळीचं फोल्डर उघडलं. फाईल होती, नाव तेच, वाजवली तर पूर्णिमा. दुसरी वाजवली, पूर्णिमा. दहाही पूर्णिमा. बॅकअपच्या सीड्यांची चळत काढली. त्यावर पक्कं तेवढंच होतं. लॅपटॉपवर पुसलेलं परत आणणारं एक सॉफ्टवेअर लावलं, ते दोन तास फिरलं आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो घेऊन आलं. शेवटी त्याने दुसरं सॉफ्टवेअर उघडलं, हालचालीचं. तिथे शेळीची तोंडं ओळीने होती. आवाज बंद करून त्याने फिल्म चालवली. शेळीचे ओठ ‘काहून रे पोट्टेहो’ म्हणत होते, अगदी आईच म्हणते तसे, आणि खोलीत फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज होता. त्याने बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडला आणि भरपूर रडून घेतलं.

ऑपरेशनला तीन दिवस होते. सांगावं, तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि मग ती जाणार. नवं रेकॉर्डिंग करावं, तर आवाजच उरला नव्हता. तो गप्प बसला. त्या तीन दिवसांत कुणाला दोष द्यायचा तर खुशाल द्या, पण मला तरी त्याच्या जागी दुसरं काही सुचत नाही.

ऑपरेशन नीट झालं. सतरा दिवसांनी हिराबाई घरी आली, मानेत नळी, त्यावर जाळीचा रुमाल. रतननी पाटी आणि खडू आणून दिले. घरी पोचल्यावर चहाही न घेता तिने पाटीवर लिहिलं, “शेळी लाव.”

पुन्हा सबबी. कॉम्प्युटर बिघडलाय. मॅडम गावाला गेल्यात. ती रोज सकाळी पाटीवर तेच दोन शब्द लिहायची आणि तो डबा घेऊन पाठ फिरवायचा. पाचव्या दिवशी रतननी त्याला जिन्यात गाठलं. “मायचं एवढं काम होत नाही तुझ्याच्यानं? लाज नाही वाटत?”

तेव्हा त्याने जिन्यातच सगळं सांगून टाकलं. फायलीचं सांगितलं, पूर्णिमाचं सांगितलं, आणि खोलीतल्या सहा माणसांचंही सांगितलं. रतन कठड्याला धरून उभे होते. फाईल गेली यावर ते काही बोलले नाहीत. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला चूक कळते. त्यांनी एवढंच विचारलं, “ओळखीची बाई म्हणालास?”

“हो, बाबा.”

रतन खाली उतरून गेले आणि तासभराने आले. डोळे लाल होते. म्हणाले, “कौशल्याचा आवाज घे.”

कौशल्या अजून बोपोडीतच होती, आणि तिचा आवाज म्हणजे हिराबाईचाच आवाज. तुमसरहून फोन आला की रतन हमखास फसायचे, म्हणायचे, अगं, आत्ता तर तू ओट्याशी होतीस! कौशल्या आधी कानावर हात ठेवून उभी राहिली. “ताईले फसवू? मले नाई जमाचं, भाऊजी.” मग खोलीत डोकावली. बहीण पाटी मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसली होती. कौशल्याने लुगडं बदललं आणि म्हणाली, “चाल, कुठं जाचं हाये.”

रविवारी ऑफिसची किल्ली मागताना धम्मदीपने हेमा मॅडमना सांगितलं, “मॅडम, ती ओळखीची बाई माझी आई आहे.” मॅडमनी पर्समधून किल्ली काढली. टोमणा तयार असायचा त्यांच्याकडे एरवी. “किल्ली जाताना खिडकीत ठेव,” म्हणाल्या, आणि अर्ध्या तासाने स्वतः थर्मासमधून चहा घेऊन आल्या.

पहिलंच कार्टून घ्यायचं ठरलं, हात धुण्याचं. धम्मदीपने आवाज बंद करून शेळी लावली. कौशल्या स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघत होती. कागद तिला लागलाच नाही. “हे पाय, इथं ‘काहून’ म्हनते. इथं ‘दाखवा’ म्हनते. आन् आता गप्प झाली पाय, लहानपनी मले असंच भेववत होती.” ओठ वाचत वाचत ती बोलत गेली आणि मध्येच रडू कोसळलं की धम्मदीप रेकॉर्डिंग थांबवायचा. पाच मिनिटांच्या फिल्मला चार तास लागले. मग त्याने आवाज तिसऱ्या सॉफ्टवेअरमधून साफ केला, रडल्याने भरलेलं नाक शक्य तेवढं काढलं, आणि चौथ्यातून फिल्म बाहेर काढली. या वेळी नाव नवं दिलं. हेमा मॅडमनी मागे उभं राहून ते वाचलं आणि चहाचे कप उचलले.

ऑफिसचा कॉम्प्युटर रिक्षाने घरी नेला. बातमी आधीच पसरली होती. इंदुबाई आल्या, त्यांच्या सुना आल्या, विहारातल्या सातआठ जणी आल्या, दारात चपलांचा ढीग झाला. हिराबाईने नवी साडी नेसली होती, मानेवरचा रुमाल धुऊन लावला होता. धम्मदीपने वायर दोनदा चुकीच्या जागी लावली.

“काहून रे पोट्टेहो!” शेळी ओरडली आणि खोलीत एकच हशा पिकला. इंदुबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, “अगदी हिराबाई! अगदी! डोळे मिटले तर समोर बसल्यात!” पुन्हा लाव, पुन्हा लाव, असं तीन वेळा झालं. हिराबाई हसत होती, मान डोलवत होती, नमस्कार घेत होती. कौशल्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. धम्मदीपला वाटलं, जमलं. छातीवरचा धोंडा उतरला.

चहा झाला, बायका गेल्या. दार लागलं. हिराबाईने पाटी ओढली, सावकाश लिहिलं आणि बहिणीकडे फिरवली.

“तुले सर्दी झाली होती का?”

कौशल्याने तोंडाला पदर लावला आणि खाली बसली. बापरे, काय तो हुंदका! रतन उठून गॅलरीत गेले. धम्मदीप आईच्या पायाशी बसला आणि बोलला, सगळं बोलला. नियम, दहा वेळा दाबलेलं ‘हो’, पुसलेला लॅपटॉप. ऑपरेशनच्या आधी आपल्याला कळलं होतं, हेही सांगितलं. आणि शेवटी, मान वर न करता, तिला ओळखीची बाई म्हणालो हेही सांगितलं. हिराबाई ऐकत होती. मानेतल्या नळीतून श्वासाचा आवाज येत होता, तो मध्ये एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. शिव्या द्यायला तिच्याकडे आवाज नव्हता. पाटीवर किती शिव्या मावणार? तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि त्याला ढकललंही नाही.

तिने पाटी पुसली. लिहिलं, “इंदुबाईले सांगू नोको.”

हिराबाई त्यानंतर साडेचार वर्षं जगली. घरी कॉम्प्युटर आला. कुणी पाहुणा आला, भंडाऱ्याकडचं कुणी आलं, विहारात नवी सून आली, की ती धम्मदीपला बोटाने खूण करायची आणि तो शेळी लावायचा. लोक म्हणायचे, काय आवाज होता हो बाईंचा, आणि ती मान हलवून ते स्वीकारायची. त्या पाच मिनिटांत तिने एकदाही मुलाकडे बघितलं नाही. आणि घरात दोघंच असताना, त्या साडेचार वर्षांत, तिने ती शेळी लाव म्हणून कधी सांगितलं नाही.